आकड्यांचे चित्र आणि गावची शाळा

शेतीसंबंधीची जेवढी सरकारी आकडेवारी आज सर्वसामान्य माणसास खुली आहे, तेवढी पूर्वी कधीही नव्हती. आपल्या महसूल मंडळात काल किती पाऊस झाला, कोणत्या बाजार समितीत भाताची किती आवक होऊन काय भाव निघाला, निरीक्षण विहिरीतील पाणी किती खोल गेले, नदीच्या पाण्याच्या तपासणीत काय आढळले, ही माहिती निरनिराळ्या खात्यांकडून प्रसिद्ध होत असते. सार्वजनिक खर्चाने गोळा केलेली आकडेवारी, गोपनीय भाग वगळून, जनतेस उपलब्ध करून द्यावी असे धोरण भारत सरकारने २०१२ साली स्वीकारले. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करू लागला. म्हणजे आकडेवारी पाहण्याचाच नव्हे, तर ती निर्माण करण्याचा भारही आता त्याच्याकडे आला आहे.

परंतु माहिती खुली झाली म्हणून ती उपयोगात आली असे होत नाही. हजारो ओळींचे कोष्टक समोर ठेवले तर त्यावरून लावणीचा, वाणाचा किंवा विक्रीचा निर्णय कोणाही शेतकऱ्यास करता येणार नाही. त्या कोष्टकातून त्याच्या गावापुरते, त्याच्या पिकापुरते उत्तर निवडून डोळ्यांस दिसेल अशा रूपात मांडणारा कोणीतरी हवा. हे काम करण्यास गावातील माध्यमिक शाळेचा विद्यार्थी सर्वांत योग्य आहे. सार्वजनिक आकडेवारीवरून बोलके आलेख व नकाशे तयार करण्याचे शिक्षण हा यापुढे कृषिविस्ताराचाच एक भाग मानला पाहिजे. मात्र या शिक्षणाचा आरंभ संगणकाच्या पडद्यापाशी न होता, आकडा जेथे मोजला जातो त्या जागी व्हावयास हवा. हा क्रम उलटा झाला तर सुंदर पण दिशाभूल करणारी चित्रे निघतील, आणि त्यांचे नुकसान शेतकऱ्यासच सोसावे लागेल.

आलेख बोलका कशाने होतो

स्तंभालेख किंवा वृत्तालेख काढणे शाळेच्या गणितात पूर्वीपासून आहे. कागदावरील असा आलेख ज्याने काढला त्याच्याच प्रश्नाचे उत्तर देतो. तालुक्याच्या पावसाचा आलेख काढला असेल तर तालुक्याचा पाऊस कळतो. त्यापलीकडे काही विचारण्याची सोय नसते. संगणकावर वा मोबाइलवर केलेल्या आलेखात पाहणाऱ्यास गाव निवडता येते, वर्ष बदलता येते, दोन हंगाम शेजारी ठेवता येतात, एखाद्या स्तंभावर बोट ठेवले की त्या दिवसाचा नेमका आकडा दिसतो. यालाच परस्परसंवादी आलेख म्हणतात. त्याचा खरा लाभ असा की, प्रश्न विचारण्याचा अधिकार आलेख काढणाऱ्याकडून पाहणाऱ्याकडे जातो.

अंबरनाथ किंवा बदलापूरच्या आसपास भात लावणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न उदाहरणादाखल घेता येईल. वर्षाचा एकूण पाऊस किती, यात त्याला फारसा रस नसतो; कोकणपट्टीत एकूण पाऊस बहुधा भरपूरच असतो. राबातील रोप लावणीस तयार झाल्यावर पावसाने किती दिवस दडी मारली, आणि असे गेल्या दहा वर्षांत किती वेळा झाले, हे त्याला हवे असते. दैनंदिन पावसाची नोंद उपलब्ध असल्याने हे उत्तर काढता येते. आठवी-नववीचा विद्यार्थी थोड्या सरावाने त्याचा असा आलेख करू शकेल की ज्यात शेतकरी आपल्या लावणीची तारीख बदलून पाहील आणि पुढील पंधरा दिवसांचा दरवर्षीचा पाऊस त्याच्यापुढे येईल.

अशा मांडणीची उपयुक्तता महाराष्ट्रात सिद्ध झालेली आहे. नगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार येथे पडलेल्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यावीत याचा विचार ग्रामसभेत करण्याची पद्धत रुजली. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने पाऊस, जमिनीचा प्रकार व पिकांखालील क्षेत्र यांवरून गावोगावचा पाण्याचा ताळेबंद तयार करण्यात आला. अशा ताळेबंदात एका पिकाचे क्षेत्र वाढविले की पाण्याची गरज किती वाढते हे लगेच दिसते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भागातील प्रश्नांचा अभ्यास करावा, या हेतूने राज्यात २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियानही सुरू झाले. जे महाविद्यालयात होऊ शकते त्याचा पाया शाळेत घालता येतो.

शिलालेखातील एक अंक

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर या परिसरातील शाळांना आकडेवारीचा पहिला धडा देण्यास शिवमंदिराइतकी सोयीची जागा दुसरी नाही. वालधुनी नदीच्या काठचे हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातील. त्यात बांधकामाच्या वर्षाची नोंद करणारा शिलालेख आहे. दगडात कोरलेली ती एक सार्वजनिक नोंदच होय. एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रथम वाचला गेला तेव्हा त्यातील वर्ष शके ७८२ असे समजले गेले. पुढे लेखाचे पुन्हा बारकाईने वाचन झाले आणि ते वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे निश्चित झाले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले, आणि ही दुरुस्ती मूळ दगडाकडे परत गेल्यामुळेच शक्य झाली.

विद्यार्थ्याने यावरून घ्यावयाचा नियम सोपा आहे. आकडा विचित्र वाटला, तर आलेखाची रंगसफाई करण्यापूर्वी तो जेथून आला त्या मूळ नोंदीकडे जावे. पावसाच्या कोष्टकात एखाद्या दिवशी ५२ ऐवजी ५२० पडले असेल, तर शेजारच्या मंडळांचे आकडे बाजूला ठेवताच ते उघड होते. कोष्टकातील रिकामी जागा व शून्य यांतील भेदही येथेच शिकवावा. शून्य म्हणजे पाऊस झाला नाही. रिकामी जागा म्हणजे मोजमाप झाले नाही. यंत्र बिघडलेल्या दिवसांच्या जागी संगणकाने शून्ये भरली, तर भरपावसाचा आठवडा आलेखात कोरडा दिसू लागतो.

सीमा बदलली, शेती नव्हे

दुसरा धडा ठाणे जिल्ह्याच्याच इतिहासातून मिळतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या ठाणे जिल्ह्यातील १५ तालुक्यांपैकी ८ तालुके पालघरकडे गेले आणि ७ ठाण्यात राहिले. आता एखाद्या विद्यार्थ्याने ठाणे जिल्ह्यातील भातक्षेत्राची पंचवीस वर्षांची आकडेवारी घेऊन सरळ रेषा काढली, तर २०१४ च्या सुमारास ती एकदम खाली कोसळलेली दिसेल. तो लिहील की, ठाण्याच्या शेतकऱ्याने एका वर्षात भात सोडला. शेतकऱ्याने असे काही केले नव्हते. जिल्ह्याची सीमा तेवढी बदलली होती.

या भागात शहरांची वाढ मोठी आहे आणि शेतजमिनी कमी होत आहेत, हे खरे. म्हणूनच त्या घटीचे माप अचूक पाहिजे. सीमा बदलल्याने झालेली घट व बांधकामाने झालेली घट एकाच रेषेत मिसळली, तर खऱ्या प्रश्नाकडे कोणी गंभीरपणे पाहणार नाही. उपाय असा की, आजच्या ७ तालुक्यांचेच जुने आकडे एकत्र करून तुलना करावी आणि आलेखाखाली तसे स्पष्ट लिहावे.

वर्षाचा उल्लेख करणेही तितकेच अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. त्यानंतर २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणना २०२७ सालची ठरलेली आहे. तेव्हा या आकड्यांवर काढलेला नकाशा आजचा म्हणून दाखविणे चुकीचे होय. त्यावर '२०११' हे वर्ष ठळक अक्षरांत असावे.

सरासरीचा पाऊस कोठेच पडत नाही

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा संबंध थेट शेतकऱ्याच्या पदराशी येतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत, २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत, मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात त्याच शहरातील कुलाबा येथे सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस झाला. या दोहोंची सरासरी ५०९ मिलिमीटर येते. तेवढा पाऊस या दोहोंपैकी एकाही ठिकाणी पडला नव्हता.

एका शहरात असे होते, तर डोंगर-खोऱ्यांच्या प्रदेशात महसूल मंडळातील एका केंद्राचा आकडा मंडळाच्या प्रत्येक गावास तंतोतंत लागू पडेल अशी अपेक्षा करता येत नाही. महाराष्ट्रात मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास ती अतिवृष्टी समजली जाते. केंद्रावर ६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि डोंगराच्या कुशीतील गावात त्याहून पुष्कळ अधिक झाला, तर त्या गावची खाचरे वाहून गेलेली असूनही कागदावर अतिवृष्टी दिसत नाही.

आता विद्यार्थ्याने त्या मंडळाचा नकाशा काढून सर्व गावांना एकाच फिक्या निळ्या रंगाने भरले, असे समजू या. पाहणाऱ्यास वाटेल की प्रत्येक गावी पाऊस मोजलेला आहे. बोट ठेवताच गावाचे नाव व ६१ हा आकडा दिसल्याने त्या चुकीस अधिकच वजन येईल. बोलक्या नकाशाचा धोका येथेच आहे: जेथे मोजमाप झालेच नाही तेथेही तो उत्तर देऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्यास पहिल्यापासून सवय लावावी की, जेथे पर्जन्यमापक आहे त्या जागी ठळक ठिपका द्यावयाचा, आणि गावावर बोट ठेवले असता 'येथे मोजणी नाही. सर्वांत जवळचे केंद्र इतक्या किलोमीटरवर' असे दिसले पाहिजे. जे ठाऊक नाही ते न लपविणारा नकाशा पाहून शेतकरी निदान योग्य प्रश्न तरी विचारू शकतो.

आकडा कसा मोजला याकडे लक्ष देण्याची परंपरा महाराष्ट्रास नवी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांची शास्त्रीय पद्धत घडविण्यात मोठा वाटा उचलला. कापणीसाठी फार लहान तुकडा आखला तर कडेची रोपे त्यात धरली जातात आणि उत्पादन प्रत्यक्षाहून अधिक भासते, हे त्यांनी दाखवून दिले. पीक विम्यातील उंबरठा उत्पादन आजही अशा कापणी प्रयोगांच्या आकड्यांवर आधारलेले असते. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घेऊन ते जोखीमस्तराच्या प्रमाणात ठरते. हा हिशेब विद्यार्थ्याने आलेखात मांडून दाखविला, तर विमा का मिळाला किंवा का मिळाला नाही, हे गावकऱ्यांना चावडीवर बसून समजू शकेल.

शाळेचे पर्जन्यमापक

यास्तव या शिक्षणाची पहिली पायरी म्हणजे शाळेच्या आवारातील पर्जन्यमापक. झाडे व भिंती यांपासून, त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मोकळ्या जागी ते बसवावे. दररोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करून वहीत लिहावी. सकाळची नोंद ही आधीच्या चोवीस तासांची असते, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर शाळेच्या व खात्याच्या तारखा एका दिवसाने चुकतात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी आणि एका एकरावर सुमारे ४ हजार लिटर, हा हिशेब मुलांकडून करून घ्यावा. मग मिलिमीटर हा शब्द त्यांना परका राहत नाही.

एक पावसाळा अशी नोंद झाली की दुसरी पायरी. शाळेची नोंद व मंडळाची प्रसिद्ध नोंद एकाच आलेखात शेजारी शेजारी मांडावी. जेथे दोन्ही जुळतात तेथे विश्वास वाढतो. जेथे जुळत नाहीत तेथे कारण शोधावे लागते. शाळेची वही शासकीय नोंदीची किंवा पंचनाम्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु तीन-चार वर्षांची प्रामाणिक वही ग्रामसभेपुढे असेल, तर आपल्या गावासाठी वेगळे केंद्र हवे ही मागणी आधारासह करता येते.

तिसरी पायरी नदीची. वालधुनी व उल्हास या नद्यांच्या पाण्याचे तपासणी-आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रसिद्ध करते. स्नानास योग्य पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅम किंवा कमी असावी, असा दंडक आहे. या दंडकाची आडवी रेषा आखून वर्षभराचे आकडे तिच्या वर-खाली मांडले, म्हणजे शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या पाण्याची स्थिती कोणासही समजते. ते पाणी भाजीपाल्यास द्यावे काय, हा प्रश्न मग शेतकरी स्वतःच कृषी अधिकाऱ्यास विचारील.

उल्हास नदीच्या बाबतीत वरच्या खोऱ्यातील पाऊस व खालच्या गावातील पाण्याची पातळी एकत्र पाहणे उपयोगाचे आहे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. कर्जतकडे कोसळलेला पाऊस बदलापूरच्या काठावर किती वेळाने पोहोचतो, हे आलेखात पाहिलेला विद्यार्थी गोठ्यातील जनावरे केव्हा हलवावीत याबद्दल घरच्यांना शहाणपणाचा शब्द सांगू शकेल.

आक्षेप आणि त्यांचा विचार

या सूचनेवर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, खेड्यातील शाळेत संगणक कोठे आहेत? अडचण खरी आहे. परंतु वर सांगितलेल्या कामाचा मोठा भाग वही, पट्टी व चौकटीचा कागद यांवर होतो. शेवटच्या टप्प्यासाठी शाळेत एक चालू संगणक पुरतो. कोष्टके व नकाशे करण्याची चांगली साधने विनामूल्य मिळतात.

दुसरा आक्षेप अनुभवी शेतकऱ्यांचा: सरकारी आकडेच जर चुकीचे असतील, तर त्यांच्या चित्रांचा उपयोग काय? याचे उत्तर असे की, कोष्टकात चूक वर्षानुवर्षे दडून राहते, आलेखात ती डोळ्यांत भरते. ज्या आकड्याकडे कोणी पाहत नाही तो सुधारतही नाही. ई-पीक पाहणीच्या बाबतीत तर हा आक्षेप शेतकऱ्याकडेच परत येतो. ज्याने आपल्या भाताची नोंद केली नाही त्याचे शेत नकाशात रिकामे दिसेल, आणि तो दोष नकाशाचा म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. आकडेवारी खुली म्हणून कोणाचीही खाजगी माहिती चव्हाट्यावर यावी काय? मुळीच नाही. खातेदाराचे नाव, कर्ज, गटाचा तपशील यांचा शाळेच्या आलेखात शिरकाव होता कामा नये. गावाची बेरीज दाखवावी, व्यक्तीचा हिशेब दाखवू नये.

कार्यकर्त्यांचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घेतल्यास फारसा खर्च न होता आरंभ करता येईल. त्यांनी शाळेस पर्जन्यमापकाची योग्य जागा दाखवावी, मंडळाची नोंद कोठे मिळते ते शिक्षकांना सांगावे आणि पीक कापणी प्रयोगाच्या दिवशी वरच्या वर्गातील मुलांना बांधावर उभे करून तुकडा कसा आखतात, धान्य कसे वजन करतात, ते पाहू द्यावे. एक आकडा जन्मास येताना ज्या मुलाने पाहिला, तो पुढे आकड्यांशी निष्काळजीपणे वागणार नाही.

विद्यार्थ्यांनी केलेले आलेख वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत दाखवावेत. भाषा मराठी असावी आणि क्षेत्र शेतकऱ्याच्या ओळखीच्या एकर-गुंठ्यांतही द्यावे. प्रत्येक आलेखाखाली चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आकडे कोणत्या खात्याचे, कोणत्या वर्षाचे, कोठे मोजलेले आणि कोठे न मोजलेले. ग्रामसभेतील वडीलधारी मंडळी शंका काढतील, काही आकडे नाकारतील, काही ठिकाणी स्वतःची आठवण सांगतील. त्या शंका मुलांनी वहीत उतरून घ्याव्यात व पुढील वर्षी त्यांचा शोध घ्यावा.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावच्या शाळेत एक पर्जन्यमापक व एक वही एवढी तरतूद व्हावी. पडद्यावरील आलेख त्यानंतर सावकाश येऊ द्यावेत. त्यांना लागणारा खरा आकडा मात्र पहिल्या पावसापासून जमा होऊ लागेल.